अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेली जुळी: कोणत्या तारखेला काय करायचं

गर्भारपणाचे पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. जुळ्यांमध्ये निम्म्याहून अधिक बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात, पण त्यातली बहुतेक चौतीस-पस्तीस आठवड्यांची असतात आणि थोड्याशा मदतीने घरी जातात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. २४ ते २७ आठवड्यांना, सातशे-नऊशे ग्रॅम वजनाची दोन बाळं काचेच्या पेटीत ठेवली आहेत, किंवा तशी वेळ येईल असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, अशा आईबापांसाठी हा लेख आहे.

‘बाळं पुढे नीट होतील ना?’ याचं उत्तर एका दिवसात मिळत नाही. ते ठरलेल्या तारखांना, तुकड्यातुकड्याने मिळत जातं. काही तारखा तर अशा की त्या दिवशी तपासणी झाली तर नजर वाचते, चुकली तर वाचत नाही. म्हणून सुरुवात कॅलेंडरपासून.

दोन वयं, एक कॅलेंडर

समजा, जुळी २६ आठवडे पूर्ण झाल्यावर १० जूनला जन्मली. मोठं ९०० ग्रॅम, धाकटं ७०० ग्रॅम. चाळीसला १४ आठवडे, म्हणजे ९८ दिवस कमी. त्यामुळे त्यांची खरी ठरलेली तारीख १६ सप्टेंबर. १० डिसेंबरला ती जन्माने सहा महिन्यांची असतील, पण १६ सप्टेंबरपासून मोजलं तर जेमतेम बारा आठवड्यांची. या दुसऱ्या वयाला दुरुस्त वय म्हणतात. मान धरणं, हसणं, बसणं, वजन-उंचीचा तक्ता, वरचं अन्न हे सगळं दोन वर्षांपर्यंत दुरुस्त वयाने मोजायचं. लसीकरण मात्र जन्मतारखेने. घरातल्या मोठ्यांना ही वजाबाकी एकदा कागदावर करून दाखवा, म्हणजे ‘सहा महिन्यांचं झालं तरी पालथं पडत नाही’ ही काळजी निम्मी होते.

या जुळ्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर या तारखा लिहाव्या लागतील:

- १० ते १३ जून: मेंदूतल्या रक्तस्रावाचा सर्वाधिक धोका असलेले ७२ तास, याच काळात मेंदूची पहिली सोनोग्राफी
- २४ जून ते १ जुलै: डोळ्यांची पहिली तपासणी
- २२ जुलै: सहा आठवड्यांच्या लसी (बाळं अजून दवाखान्यात असतील, तरीही)
- १९ ऑगस्ट: ३६ आठवडे पूर्ण, या दिवशीही ऑक्सिजन लागत असेल तर फुप्फुसांचा जुनाट आजार धरतात
- १६ सप्टेंबरच्या आसपास: मेंदूची शेवटची सोनोग्राफी किंवा एमआरआय, कानांची तपासणीही तोवर झालेली हवी
- डिसेंबरचा मध्य: हालचालींची सविस्तर तपासणी

तुमच्या बाळांच्या तारखा अशाच काढा. आठवडे माहीत नसतील तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद शोधा. मासिक पाळीच्या तारखेपेक्षा तो जास्त भरवशाचा असतो.

आकडे कसे वाचायचे

अमेरिकेतल्या १९ मोठ्या केंद्रांत २०१३ ते २०१८ या काळात २२ ते २८ आठवड्यांना जन्मलेल्या बाळांपैकी ७८ टक्के घरी गेली. २२ आठवड्यांना हे प्रमाण सुमारे ११ टक्के होतं, २८ आठवड्यांना ९४. त्यांच्यातल्या २७ आठवड्यांआधीच्या बाळांना दुरुस्त दोन वर्षांच्या सुमारास तपासलं, तेव्हा आठ टक्क्यांच्या आसपास मुलांना मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व) होती, दीड टक्क्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि अडीच टक्क्यांना श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) लागलं होतं. जवळपास निम्म्या मुलांना मधल्या काळात पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं.

हे आकडे तिथल्या सोयींचे आहेत. आपल्याकडे पुण्या-मुंबईतलं मोठं केंद्र आणि जिल्ह्यातलं एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा सरकारी विभाग) यांत फार अंतर आहे. म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा: ‘गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे या आठवड्यांची किती बाळं आली, किती घरी गेली, आणि घरी गेलेल्यांपैकी किती तपासणीला येत राहिली?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण जे दवाखाने पाठपुरावा ठेवतात त्यांनाच आपले खरे निकाल ठाऊक असतात.

आठवड्यांइतक्याच आणखी चार गोष्टी वजनदार ठरतात: बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून जन्मापूर्वी आईला मिळालेली स्टेरॉइडची इंजेक्शनं, मुलगी असणं, एकटं बाळ असणं आणि प्रत्येकी १०० ग्रॅम जास्त वजन. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात यातल्या प्रत्येकाचा फायदा साधारण एक आठवडा जास्त पोटात राहण्याइतका दिसला. जुळ्यांना यातला एक फायदा मुळातच नाही. म्हणून इंजेक्शनं चुकू देऊ नयेत.

टोरंटोत ४ मार्च २०२२ रोजी ठरलेल्या तारखेच्या १२६ दिवस आधी जन्मलेली बहीण-भावाची जोडी जगली आणि गिनीजच्या नोंदीत गेली. अशा बातम्या धीर देतात, पण त्यावरून आपल्या बाळांचा अंदाज बांधू नका. आणि ‘सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही’ हे तर साफ खोटं आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा फायद्याचाच.

जन्माच्या आधी: वेळ तासांतच असतो

कळा सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा सोनोग्राफीत गर्भाशयाचं तोंड आखूड दिसलं, तर पहिला निर्णय जागेचा. व्हेंटिलेटर, सरफॅक्टंट (फुप्फुसं उघडी राहायला मदत करणारं औषध) आणि चोवीस तास नवजात-तज्ज्ञ असलेल्या ठिकाणी बाळांना *पोटात असतानाच* हलवा. जन्मल्यावर ॲम्ब्युलन्समधून नेलेल्या बाळाला थंडी, साखर उतरणं आणि मेंदूत रक्तस्राव यांचा धोका जास्त. त्यातून दोन पेट्या लागणार आहेत. फोनवर ‘दोन बेड आणि दोन व्हेंटिलेटर मोकळे आहेत का’ असंच विचारा. एकच असेल तर एक बाळ इथे आणि दुसरं तिथे होतं, आणि आईला कुठल्याच बाळाजवळ नीट बसता येत नाही.

दुसरा निर्णय स्टेरॉइडचा. बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम, २४ तासांच्या अंतराने दोनदा. किंवा डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने चारदा. डेक्सामेथासोन स्वस्त आहे आणि सरकारी केंद्रांतही मिळतं. दुसरा डोस व्हायच्या आत प्रसूती होईल असं वाटलं तरी पहिला टाळायचा नसतो. तिसरा मॅग्नेशियम सल्फेटचा: प्रसूती अगदी जवळ आल्यावर शिरेतून दिलेलं हे औषध सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण कमी करतं.

जुळ्यांना वार एक आहे की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सगळ्यात स्पष्ट कळतं. तो कागद प्रसूतीच्या वेळी हातात हवा. एकच वार असेल तर दोघांचं रक्त आतल्या आत जोडलेलं असतं: एकाला कमी, दुसऱ्याला जास्त जाऊ शकतं. पोटातच एक बाळ दगावलं तर उरलेल्याच्या मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. त्या बाळाची जन्मानंतर मेंदूची तपासणी, शक्यतो एमआरआय, आग्रहाने करून घ्या.

पहिले ७२ तास

इथे आईबापांच्या हातात फारसं नसतं, पण काय चाललंय ते कळलं तर भीती आटोक्यात राहते. बाळाला न पुसता मानेपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, कारण त्वचेतून उष्णता भराभर जाते, आणि अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून नाकातून सीपॅप (सतत हलक्या दाबाने हवा देणारं यंत्र), गरजेनुसार सरफॅक्टंट. श्वास विसरण्यावर कॅफीन: वजनाच्या दर किलोमागे आधी २० मिलिग्रॅम, मग रोज ५ ते १०. कॉफीतलाच हा पदार्थ, पण या बाळांच्या फुप्फुसांसाठी आणि पुढच्या हालचालींसाठीही त्याचा फायदा सिद्ध झाला आहे. ऑक्सिजनची पातळी साधारण ९० ते ९५ मध्ये राखतात. मॉनिटरवर ९९ दिसलं की घरच्यांना हायसं वाटतं; वरून ऑक्सिजन चालू असताना मात्र तो आकडा डोळ्यांना घातक आहे. कमी पातळीही तितकीच वाईट.

मेंदूतल्या रक्तस्रावाच्या चार श्रेणी असतात. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची बहुतेक मुलं पुढे चांगली चालतात-बोलतात. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत धोका बराच वाढतो, तरी रक्तस्राव दोन्ही बाजूंना आहे की एकाच, हे विचारायचं. पहिली सोनोग्राफी चांगली आली म्हणून थांबू नका. मेंदूच्या पांढऱ्या भागातली इजा दोन ते चार आठवड्यांनीच दिसू लागते, म्हणून शेवटची सोनोग्राफी ४० आठवड्यांच्या आसपास लागतेच.

दूध: आईच्या हातातलं औषध

आतडी सडवणारा एनईसी हा आजार या बाळांचा मोठा शत्रू, आणि त्याच्याविरुद्ध आईच्या दुधाइतकं परिणामकारक काहीच नाही. प्रसूतीनंतर शक्यतो पहिल्या तासात, उशीर झालाच तर सहा तासांच्या आत दूध काढायला सुरुवात करा, मग सिझेरियन असो वा नसो. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, त्यातलं निदान एकदा रात्री. पहिले दोन-तीन दिवस थेंबच येतात. ते सिरिंजमध्ये घ्या. ०.१ ते ०.२ मिली चीक गालाच्या आत फिरवण्यापुरताही उपयोगाचा असतो.

सुरुवातीला लागणारं दूध किती थोडं असतं, हे ठाऊक असावं. पहिल्या दिवसांत किलोमागे रोज १० ते २० मिली. म्हणजे ९०० ग्रॅमच्या बाळाला दर दोन तासांनी साधारण एक मिली. मग रोज किलोमागे २० ते ३० मिलीने वाढवत १५० ते १८० पर्यंत. पूर्ण दुधावर आल्यावर १६० च्या हिशोबाने मोठ्याला दिवसाला १४४ मिली आणि धाकट्याला ११२, दोघांचं मिळून पाव लिटरभर. ‘दोघांना पुरणार नाही’ म्हणून सुरुवातीलाच डब्याच्या दुधाची घाई करण्याचं कारण नाही. पण पुढे बाळं दोन-दोन किलोंची झाली की सहाशे-सातशे मिली लागेल, आणि तेवढं दूध येईल की नाही हे पहिल्या दोन आठवड्यांत किती वेळा काढलं यावर ठरतं. इथे चूक होते ती अशी: आई घरी, बाळं दवाखान्यात, दिवसाला तीन-चार वेळाच दूध काढलं जातं, आणि तिसऱ्या आठवड्यात ते आटलं की दोष आईला दिला जातो.

काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या आत, फ्रिजमध्ये २४ तासांच्या आत वापरा. प्रत्येक बाटलीवर तारीख-वेळ लिहा. कमी पडलंच तर दात्या आयांचं दूध मागा. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून सुरू झाली; आता राज्यात इतरत्रही पेढ्या आहेत. तिथलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून निर्जंतुक केलेलं असतं.

दूध नळीतून सुरू होतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांना बसतो. तेव्हा बोंडलं किंवा वाटी-चमचा, मग अंगावर. बाटलीचं निपल टाळा. वजन पहिल्या आठवड्यात उतरतं, दोन आठवड्यांच्या सुमारास जन्माच्या वजनावर येतं, आणि नंतर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढायला हवं. वाढत नसेल तर दुधात मिसळायची पूरक पूड, लोह, कॅल्शियम-फॉस्फरस यांचा हिशोब विचारा.

कांगारू पद्धत आणि हात धुणं

बाळ स्थिर झालं की, सीपॅपवर असतानाही, उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवता येतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. जुळ्यांना हे एकट्या आईने होत नाही: एक आईकडे, एक बाबा किंवा आजीकडे, किंवा दोघं मिळून एका छातीवर. एका वेळी तासाभरापेक्षा कमी ठेवू नका, कारण उचल-ठेवच बाळाला दमवते.

आपल्याकडच्या एनआयसीयूतला (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातला) जंतुसंसर्ग चिवट असतो, बऱ्याचदा नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारा. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा, कोपरापर्यंत साबणाने धुवा. आणि एका बाळाला हात लावून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा हात स्वच्छ करा. जुळ्यांच्या बाबतीत नेमकं हेच राहून जातं.

डोळे: ज्या तारखेला माफी नाही

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात. त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढला जाणं म्हणजे आरओपी. बाहेरून डोळा अगदी नीट दिसतो. बाहुली पांढरी दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. आपल्याकडचा नियम: ३४ आठवड्यांआधीच्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमहून लहान बाळाची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच.

बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, तासभर आधी दूध देत नाहीत, दुखू नये म्हणून साखरपाण्याचा थेंब जिभेवर. अहवालात तीन गोष्टी पाहा: झोन, म्हणजे पडद्याचा कोणता भाग (१ सगळ्यात धोक्याचा), स्टेज, म्हणजे आजार किती पुढे गेला (१ ते ५), आणि ‘प्लस’, म्हणजे फुगलेल्या-वळलेल्या रक्तवाहिन्या, आहे का. उपचाराची गरज निघाली तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांतच व्हावं लागतं. ‘पुढच्या सोमवारी’ चालत नाही. इंजेक्शन दिलं असेल तर आजार काही महिन्यांनी उलटू शकतो, म्हणून तपासण्या जास्त काळ चालू राहतात.

जुळ्यांत होणारी चूक: एक बाळ घरी, एक दवाखान्यात. घरी आलेल्याची पुढची तारीख विसरली जाते, कारण सगळं लक्ष पेटीतल्या बाळाकडे. दोघांची डोळ्यांची कार्डं वेगळी ठेवा, आणि ‘आता तपासणी बंद’ असं डॉक्टर *लिहून* देईपर्यंत तपासण्या थांबवू नका. त्यानंतरही चष्मा आणि तिरळेपणासाठी वर्षातून एकदा दाखवायचं.

कानांसाठी बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी) तपासणीच मागा. फक्त आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणाऱ्या साध्या ओएई यंत्रात कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा दोष सुटून जातो, आणि एनआयसीयूतल्या बाळांत तोच जास्त आढळतो.

घरी आणताना

सोडण्यासाठी वजनाची अट दवाखान्यागणिक वेगळी, बहुधा १६०० ते १८०० ग्रॅमच्या आसपास. त्याहून महत्त्वाचं: पेटीबाहेर अंग गरम राहतं, दूध तोंडाने घेतं, सलग तीन दिवस वजन वाढतं आणि पाच ते सात दिवस श्वास थांबलेला नाही.

औषधांत घोटाळा फार होतो. ड जीवनसत्त्वाचे थेंब एका मिलीत ४०० युनिटचेही मिळतात आणि ८०० चेही, लोहाचंही तसंच. त्यातून दोघांची वजनं वेगळी, म्हणजे डोस वेगळे. डॉक्टरांकडून ‘किती मिली’ असं लिहून घ्या, बाटलीचं नाव बदललं तर पुन्हा विचारा, आणि दोन सिरिंजना दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा.

घरात धुरी, शेगडीचा शेक, गुटी, मध, नाका-कानात तेल आणि काजळ बंद. आजींना वाईट वाटेल, तरी धूर या फुप्फुसांना सोसत नाही हे ठामपणे सांगा. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. झोपवताना पाठीवर, प्रत्येकाला वेगळी जागा. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी. बाळांना ती सहा महिने पूर्ण झाल्यावर. सहा आठवड्यांच्या लसी एनआयसीयूत दिल्या तर पुढचे दोन दिवस श्वासावर लक्ष ठेवतात. आई हिपॅटायटिस-बी निगेटिव्ह असेल आणि बाळ दोन किलोच्या आत असेल तर त्या लसीचा पहिला डोस महिनाभराने देतात.

लगेच दवाखाना गाठायची लक्षणं: मिनिटाला साठाहून जास्त श्वास, बरगड्या आत ओढल्या जाणं, कण्हणं, ओठ निळे पडणं, हिरवी उलटी, पोट टम्म आणि शौचात रक्त, दूध सोडणं, अंग गार पडणं. मुलग्यांत जांघेत फुगवटा येऊन तो कडक झाला आणि बाळ रडायचं थांबत नसेल तर तो अडकलेला हर्निया. रात्र काढू नका.

सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळावर एक वर्षापर्यंत मोफत उपचार होतात. खासगीत महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तो दवाखाना आहे का, हे भरतीच्याच दिवशी विचारा. तपासण्या आणि थेरपीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत.

पहिली दोन वर्षं

दुरुस्त तीन, सहा, नऊ, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांना तपासणी. तीन महिन्यांची सर्वांत मोलाची. त्या वयात पाठीवर पडलेल्या बाळाच्या मान, मनगट, घोट्यांत सतत बारीक वळवळ दिसते. ती नसेल तर सेरेब्रल पाल्सीची शंका घेऊन थेरपी तेव्हाच सुरू करता येते. वर्षभर ‘वाट पाहू’ म्हणणारा सल्ला जुना झाला. मेंदू सगळ्यात जास्त घडत असतो तो याच महिन्यांत.

घरी पाहायच्या खुणा, सगळ्या दुरुस्त वयाने: दोन-तीन महिन्यांत हसत नाही, चार महिन्यांनंतरही मुठी सतत वळलेल्या, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, अठरा महिन्यांत चालत नाही. आणि वर्षाच्या आत एकाच हाताने सगळं घेतो म्हणून कौतुक करू नका, दुसरा हात कमजोर असल्याची ती खूण असू शकते. चाकांच्या वॉकरमध्ये बसवू नका. आधीच ताठ असलेले पाय चवड्यांवर जातात. वरचं अन्न दुरुस्त सहा महिन्यांच्या सुमारास, मान सावरून बसता येऊ लागल्यावर.

एक जुळं दुसऱ्याची मोजपट्टी नाही. दोनशे ग्रॅमचा फरक, एकालाच झालेला रक्तस्राव, एकालाच लागलेलं व्हेंटिलेटर यांनी वाटा वेगळ्या होतात. त्यात दुसरा धोका असा की पुढे असलेल्याचा सौम्य दोष मागे असलेल्याच्या सावलीत दडतो. शक्य असेल तेव्हा दोघांच्या तपासण्या वेगवेगळ्या दिवशी ठेवा.

दोघांपैकी एक गेलं असेल तर ‘एक तरी आहे ना’ असं कुणी आईला म्हणू नये. ती एकाच वेळी एकाचा शोक आणि दुसऱ्याची रात्रपाळी करत असते. झोप मिळत असूनही न येणं, बाळाला हात लावावासा न वाटणं असं दोन आठवडे चाललं तर तिच्यासाठी डॉक्टर गाठा.

शाळेच्या वयात

चालणं-बोलणं वेळेवर आलेल्या मुलांतही लक्ष टिकणं, गणित आणि एकामागोमाग एक सूचना पाळणं यांत अडचणी जास्त आढळतात. म्हणून पाच-सहा वर्षांच्या सुमारास शाळेआधी एकदा बुद्धी, भाषा आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. शाळाप्रवेशात निवड असेल तर जूनच्या बाळाला एक वर्ष उशिरा घालण्याचा विचार करता येतो. ठरलेली तारीख सप्टेंबरची होती हे लक्षात घ्या.

सर्दी छातीत उतरण्याचं प्रमाण पहिल्या काही वर्षांत जास्त, पुढे कमी होतं. मूत्रपिंडं लहान राहिल्यामुळे रक्तदाब वाढण्याकडे कल असतो. तीन वर्षांनंतर दर भेटीत रक्तदाब मोजायला सांगा. डिस्चार्ज कार्ड, मेंदूच्या सोनोग्राफी, डोळ्यांची कार्डं आणि बेराचा अहवाल प्रत्येकाच्या वेगळ्या फायलीत जपा. अठराव्या वर्षी त्या फायली त्यांच्याच हाती द्यायच्या आहेत, कारण पुढे कुठल्याही डॉक्टरांना ‘मी २६ आठवड्यांना, ७०० ग्रॅमचा जन्मलो’ हे त्यांनीच सांगायचं असतं.